कोलकात्याची खर्ची

दिवाळीच्या आधी कांदाचाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघतो, तेव्हा मी चालवतो त्या ट्रकला पिंपळगाव बसवंतहून कोलकात्याची भरती मिळते. अंतर अठराशे किलोमीटरच्या आसपास. डिझेल गाडीमालक सेठच्या कार्डावर, टोल फास्टॅगमधून. जेवण, पार्किंग, पंक्चर, क्लीनर पोराचा चहा-नाश्ता, सगळं खर्चीतून, म्हणजे सेठ देतो त्या वाटखर्चातून. खर्ची एकरकमी मिळते. उरली तर माझी, कमी पडली तर खिशातून. घर पगारावर चालतं. शिल्लक म्हणाल तर ती यातूनच.

धुळ्यापासून सहा नंबरचा हायवे धरला. कागदावर आता तो 53 आहे, पण ढाब्यावर अजून सहाच म्हणतात. पहिले दोन दिवस घरच्या बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. पुढे केबिनमागच्या पेटीतला पाच किलोचा सिलेंडर बाहेर निघतो. खिचडी आणि कांदा. गाडीत कांदाच कांदा, तरी गोणीला हात लावायचा नाही, माल मोजून उतरतो. भरताना हमालांच्या पायाशी सांडलेले तेवढे आपले.

"दादा, आज तरी ढाब्यावर बसू," पोरगा मूर्तिजापूरपासून मागे लागला होता. बसलो. रात्रीचं एक जेवण मी ढाब्यावरच घेतो. तिथे जेवलं की खाट आणि आंघोळीचं पाणी फुकट, शिवाय चार गाड्यांच्या उजेडात टाकीतलं डिझेल आणि वरची ताडपत्री जागेवर राहते. अंधारात एकटी गाडी लावून वाचवलेले दीडशे रुपये एका ताडपत्रीत जातात. (बसवाल्यांना हॉटेलात जेवण फुकट असतं, कारण ते पन्नास गिऱ्हाइकं घेऊन येतात. आमच्यासोबत फक्त गोण्या.)

अकोला-अमरावती पट्टा आता सुरेख झालाय. 2022 च्या जूनमध्ये 105 तासांत 75 किलोमीटर डांबर टाकल्याचा विक्रम तिथलाच. समृद्धीने गेलो असतो तर नागपूर आणखी लवकर आलं असतं, पण तिथला टोल सेठला झेपत नाही आणि जुन्या रस्त्याने जाणारा वेळ तो माझ्या हिशोबात धरत नाही.

नागपूर, देवरी, रायपूर, संबलपूर. केंदुझरकडे लोहखनिजाच्या गाड्यांची रांग लागली, तिथे अख्खी सकाळ गेली. पुढे बांगरीपोसीच्या घाटात पोरगा म्हणाला, "दादा, न्यूट्रल टाका की, डिझेल वाचंल." जुने ड्रायव्हर हेच शिकवून गेलेत. आताच्या गाडीत उतारावर गिअर ठेवून पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला घेतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. ॲव्हरेज चांगलं आलं तर सेठ बक्षिसी देतो, म्हणून याकडे माझं बारीक लक्ष असतं.

पण खर्ची खरी संपते ती गाडी उभी राहिल्यावर. कोलकात्यात दिवसा जड गाड्यांना नो एंट्री, म्हणून शहराअलीकडे धुलागडला थांबायचं आणि रात्री पोस्ता बाजारात शिरायचं. आमचा नंबर पहिल्या रात्री लागलाच नाही. उभ्या दिवसाचं पार्किंग वेगळं, दोघांचं जेवण वेगळं, आणि रिकामा बसलेला माणूस चहा पितोच पितो. वर पोरगा मोबाईलवर रिचार्ज मारतो. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, मागितलं की व्यापारी सेठकडे बोट दाखवतो, सेठ व्यापाऱ्याकडे.

म्हणून गाडी खाली व्हायच्या आधीच मी परतीच्या भाड्याचे फोन सुरू करतो. थेट नाशिकचा माल मिळेल म्हणून चार दिवस वाट बघणारे धुलागडला पुष्कळ भेटतात. मी तुकडे करतो. नोव्हेंबरात छत्तीसगडला धानखरेदी सुरू होते, त्याआधी तागाची पोती बंगालातूनच तिकडे जातात. ते बारदान रायपूरपर्यंत घेतलं. भाडं नाशिकच्या मानाने किरकोळ, सेठने कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी चाकं फिरली. रायपूरला ते उतरवून शेजारच्या सिलतऱ्यातून नाशिकची सळई भरली. काट्यावर वजन दोनदा बघितलं. जादा भरलं तर दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा.

काट्यावरून निघतानाच उरलेली खर्ची बायकोच्या खात्यावर टाकली, परतीच्या जेवणापुरती ठेवून. रोकड केबिनमध्ये असली की तिला पाय फुटतात. बायकोचा लगेच फोन, "एवढेच?" म्हटलं, मागच्या खेपेपेक्षा जास्त आहेत, पासबुक बघ.