दांडीवरच्या चेडवाचा चष्मा

"आता लोखंडाचोच चष्मो दी गो बाय," म्हणत आजींनी रुमालाची गाठ सोडली आणि तुकडे काउंटरवर ठेवले. एक काडी बिजागरीतून उखडलेली, नोजपॅडच्या तारेवर हिरवा थर, काचा वाळूने घासून धुरकट. शेजारी त्यांचं चेडू, म्हणजे नात, उभी. वय पाच, दोन्ही डोळ्यांना पाच प्लस नंबर, आणि चष्मा नसल्यामुळे डावा डोळा नाकाकडे वळलेला. घर मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं लागली की ही पोरं त्यांच्या पायात.

मालवणात चष्म्याच्या दुकानात बसून मी मोडके चष्मे रोजच बघते. स्क्रू घट्ट करा, पॅड बदला, पुढचं गिऱ्हाईक. हा चष्मा मात्र मी बाजूला काढून ठेवला. मोठ्या माणसाचा प्लस नंबर सहसा वाचायचा असतो, या वयातला बहुतेक वेळा उपचाराचा. स्पष्ट बघण्यासाठी मूल डोळ्यावर जोर देतं आणि त्या जोराने डोळे आत ओढले जातात. चष्म्याने जोर उतरतो, डोळा सरळ राहतो. तो काढला की डोळा पुन्हा वळतो, मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, आणि आळशी डोळा सुधारायला सात वर्षांच्या आतला काळ सगळ्यात चांगला. या मुलीचा दिवस जातो खेळण्यात. मग चष्मा खेळताना नाही घालायचा तर कधी?

काडीच्या आतल्या बाजूला छापलेलं होतं: ४४, १७, १२५. काचेच्या गोलाची रुंदी ४४, नाकावरचा पूल १७, काडी १२५ मिलिमीटर. मुलीच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं तर ५१. गोल आणि पूल यांची बेरीज साधारण या अंतराइतकी हवी. ४४ आणि १७ मिळून ६१ होतात! ही फ्रेम तिच्या मोठ्या भावालाही सैल झाली असती. प्लसची काच मधे जाड असते, गोल जितका मोठा तितकी ती आणखी जाड आणि जड. लहान मुलाच्या नाकाला उंचवटा असतोच कुठे? चष्मा घसरणार, ती वाळूच्या हाताने वर ढकलणार, कंटाळून एका हाताने ओढून काढणार. रोज एकाच बाजूला ओढ बसली की बिजागरी जाते. मी तुकडे टेपने जोडून चष्मा तिला घालून पाहिला. भिंतीवरची चित्रं ती काचेच्या वरून बघत होती आणि डावा डोळा आत. म्हणजे शाबूत असतानाही हा चष्मा काम करत नव्हता.

ज्यांनी तो दिला त्यांनी फ्रेम पिळून दाखवली होती, "अनब्रेकेबल" म्हणून. आमच्या धंद्यातल्या या खेळाचा मला मनस्वी राग येतो. फ्रेम पिळायला दोन सेकंद लागतात, मुलाचं नाक मोजायला दहा मिनिटं, आणि ती दहा मिनिटं कुणाला द्यायची नसतात.

मी ३८–१४ ची फ्रेम काढली. मऊ, एकसंध, धातूची बिजागरी नाही, स्क्रू नाही, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने गंजायलाच काही नाही. पूल सिलिकॉनचा, रुंद टेकणारा. मागे पट्टा. काच पॉलिकार्बोनेटची, कारण प्लसच्या काचेची कड बारीक असते आणि साध्या फायबरच्या, म्हणजे नेहमीच्या प्लास्टिकच्या काचेचे तिथे टवके उडतात. पॉलि सहजी फुटत नाही, पण मऊ असल्याने चरे लवकर पडतात. म्हणून आजींना नळाखाली धुऊन दाखवलं: आधी गोड्या पाण्याने वाळू वाहून जाऊ द्यायची, मग मऊ फडक्याने टिपायचं. फ्रॉकने पुसायचं नाही.

"पट्टो लावन पोरा हसतली," आजी म्हणाल्या.

"आजी, शंभर वेळा काढण्यापेक्षा बरं," मी म्हटलं. त्या गप्प झाल्या, पटलं असं नाही.

काचा कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने येतात, पावसात घाटात दरड आली की अडकतात. या वेळी वेळेत आल्या. चष्मा घातल्यावर मी तिला दुकानात उड्या मारायला लावल्या, खाली वाकायला लावलं, मान गदागदा हलवायला सांगितली. जागचा हलला नाही. बाहुल्या काचेच्या मध्यावर, डोळे सरळ. काडीचा बाक कानामागे नेमका कुठे बसवायचा यासाठी मी तिला तीनदा उठबस करवली, तेही तिने आनंदाने केलं.

डोक्यातून जात नाही ते पुढचं. शाळेतल्या बाईंचा नियम, खेळाच्या तासाला सगळ्यांचे चष्मे टेबलावर. फुटू नयेत म्हणून. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही, पण नेमका धावपळीचा तास त्या डोळ्याकडून काढून घेतात. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून मी शाळेला चिठ्ठी दिली आहे: खेळतानाही चष्मा आणि पट्टा घालूनच ठेवावा. उत्तर आलेलं नाही. गणपतीची सुट्टी संपली की मी स्वतः शाळेत जाणार आहे, आणि पिशवीत तो मोडका चष्माही घेणार आहे, बाईंना ४४ आणि ३८ मधला फरक हातात देऊन दाखवायला.