डिस्नेत दोघांसाठी एक संध्याकाळ: टेबल कसं निवडायचं

तूर-हरभरा घरात आला की मृगापर्यंत हात जरा मोकळे असतात. वणी, आर्वी, पांढरकवड्याकडची मंडळी अमेरिकेतल्या लेकाकडे-लेकीकडे जातात ती याच दिवसांत. मग आठवडाभर ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची (अनेक पार्क आणि राहायची रिसॉर्ट असलेल्या मनोरंजननगरीची) फेरी ठरते आणि त्यात कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस येतो. मुलं म्हणतात, "आई-बाबांना एक दिवस छान ठिकाणी जेवायला पाठवू." हेतू सोन्यासारखा असतो. पण हॉटेल नावावरून निवडलं जातं आणि तिथेच चुकतं. नाव नंतर बघा, आधी संध्याकाळ ठरवा: कितवा दिवस, किती वाजता, तिथे पोचायचं कसं आणि ताटात काय चालतं.

दिवसापासून सुरुवात करू. उन्हाळ्यात ऑरलँडोला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात, म्हणजे गोठ्यात धारा काढायची वेळ. शरीर अजून गावाच्याच घड्याळावर चालत असतं. पहिल्या-दुसऱ्या रात्रीचं महागडं जेवण म्हणजे ताटावर डुलक्या. भारतातून थेट येत असाल तर तिसरी किंवा चौथी रात्र धरा, आणि त्या दिवशी दुपारी दोनला पार्क सोडून खोलीवर या. पायांना सूज असते, मे महिन्यापासून दुपारी विजांचा पाऊसही सुरू होतो. अंघोळ आणि तासभर झोप, एवढं झालं की मगच साडी नेसावीशी वाटते.

आता जागा. पार्कच्या फाटकाच्या आतल्या हॉटेलात जेवायचं तर त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. डिस्नेच्या राहत्या रिसॉर्टमधल्या रेस्टॉरंटला ते लागत नाही. दोघांच्या जेवणासाठी आमचा कौल बहुतेक वेळा रिसॉर्टलाच. कारण आवाज. मॅजिक किंगडम या पार्कच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज् रॉयल टेबल फोटोत सुंदर दिसतं, पण तिथे राजकन्या टेबलाटेबलाशी येतात आणि सगळीकडे लहान पोट्टे असतात. नातवंडांना घेऊन जायला ते फार चांगलं, दोघांना नाही. त्याच पार्कातल्या बी अवर गेस्ट रेस्टॉरंटच्या मोठ्या दालनात खिडकीबाहेर बर्फ पडताना दिसतो, तेही देखणं आहे, पण मोठं आणि गजबजलेलं. पार्कमध्येच बसायचं असेल तर एपकॉट या दुसऱ्या पार्कच्या मेक्सिको विभागातलं सान अँजेल इन बघा. पिरॅमिडच्या पोटात आहे, त्यामुळे भर दुपारीही आत कायम रात्र, मंद दिवे आणि शेजारून हळूच सरकणाऱ्या बोटी. उंच भाव न देता हवा तो एकांत तिथे बऱ्यापैकी मिळतो.

आमची खरी शिफारस मात्र सना. हे रेस्टॉरंट ॲनिमल किंगडम लॉज या रिसॉर्टच्या किदानी व्हिलेज भागात आहे. आफ्रिकी स्वयंपाक, पण मसाला आपल्या ओळखीचा. ब्रेड सर्व्हिस मागवलीत की नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार येतात आणि सोबत छोट्या वाट्यांत नऊ चटण्या-लोणची: काकडीची कोशिंबीर, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं... दोघांना एवढं पुष्कळ होतं, वर एखादा पदार्थ वाटून घ्या. सावजीचा झणका त्यात शोधू नका. परदेशात आठव्या दिवशी लोणच्याची वाटी समोर येते, तेच फार आहे. आणि काचेपलीकडे जिराफ, झेब्रे चरत असतात. ताडोब्याच्या पाणवठ्यावर सांबराची वाट बघत तासभर गप्प बसणाऱ्या माणसाला हे टेबल सोडवत नाही.

पण अंधार पडला की काचेत फक्त आपलंच तोंड दिसतं. एप्रिल-मेमध्ये तिथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणून सहा-सव्वासहाची वेळ घ्या. डिसेंबरात साडेपाचलाच मावळतो, तेव्हा सरळ दुपारचं जेवण घ्या. खिडकीचं टेबल आधी राखून मिळत नाही. पोचल्यावर काउंटरवर सांगायचं की खिडकीपाशी हवं, थांबायची तयारी आहे. जेवणाआधी किंवा नंतर बाहेरच्या कठड्यावरूनही प्राणी बघता येतात.

आतषबाजी बघत जेवायचं असेल तर कंटेम्पररी रिसॉर्टचं कॅलिफोर्निया ग्रिल, पंधराव्या मजल्यावर. नोंद मात्र दुसऱ्या मजल्यावर करायची, तिथून ते लिफ्टने वर नेतात. लोक थेट वर जायला बघतात आणि वेळ घालवतात. मॅजिक किंगडमच्या आतषबाजीची त्या दिवशीची वेळ आधी बघा आणि टेबल तिच्या सव्वा ते दीड तास आधीचं घ्या, म्हणजे गोड पदार्थाच्या वेळी आभाळ उजळतं. मॅजिक किंगडमपासून ते दहा मिनिटांच्या चालीवर आहे. रिव्हिएरा रिसॉर्टच्या गच्चीवरचं टोपोलिनोज् टेरेस जास्त निवांत, रात्रीचं जेवण फ्रेंच-इटालियन धाटणीचं. तिथून एपकॉटची आतषबाजी दिसते, पण लांबून. सकाळी मात्र तिथे मिकी-मिनी येतात, तेव्हा बुकिंग करताना रात्रीचंच निवडलंय ना, हे तपासा.

आणि ग्रँड फ्लोरिडियन रिसॉर्टमधलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्यावरून नाव. 2024 साली त्याला मिशलिन तारा, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटना मिळणारा मान, मिळाला. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, ठरावीक पदार्थांची मालिका आणि काही तासांची बैठक. जीन्स, हाफपँट, स्लीपर चालत नाहीत, साडी आणि नीट कुर्ता शोभून दिसतो. खाण्याची ज्याला खरी हौस आहे त्याच्यासाठी हे ठीक. गावाकडे साडेसातला जेवून नऊला झोपणाऱ्या आई-बाबांना तिथे बसवणं म्हणजे त्यांना परीक्षेला बसवणं. त्यांना सनालाच न्या.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. डिस्नेच्याच रिसॉर्टमध्ये मुक्काम असेल तर चेक-इनच्या 60 दिवस आधी मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम घेता येतात. ऑनलाइन खिडकी तिथल्या सकाळी सहाला उघडते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि त्यांच्या हिवाळी वेळेत साडेचार. गावातून बुक करत असाल तर नेमकी तेव्हा लाइट जाते हे धरूनच चाला, फोन पूर्ण चार्ज आणि मोबाइल डेटा तयार ठेवा. डिस्नेच्या साइटवरचं खातं आदल्या दिवशीच उघडून कार्डाचा नंबर भरून ठेवा. आपल्या बँकेचं कार्ड परदेशी व्यवहारासाठी मुळात बंद असतं, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावं लागतं. नेमक्या साडेतीनला कार्ड नाकारलं जातं ते बहुधा यामुळेच. तारीख नीट वाचा: अमेरिकेत 5/6 म्हणजे पाच जून नव्हे, सहा मे. टेबल मिळालं नाही तरी आशा सोडू नका. लोक आदल्या दिवशी, अगदी त्या सकाळीही बुकिंग रद्द करतात, डिस्नेचं ॲप उघडून बघत राहा. न सांगता गेला नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी 10 डॉलर कापतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सचा नियम याहून बराच कडक आहे, बुक करतानाच वाचा.

पोचण्यात घोळ होतो तो असा. एका रिसॉर्टहून दुसऱ्या रिसॉर्टला बहुधा थेट बस नसते, मध्ये एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेला बदलावं लागतं, त्यात तास-सव्वातास जातो. कंटेम्पररी आणि ग्रँड फ्लोरिडियन मोनोरेलवर आहेत, रिव्हिएराला स्कायलायनर या रोपवेचे पाळणे जातात, पण विजा कडाडल्या की ते थांबवतात. सनासाठी सरळ उबर करा. मुलाच्या गाडीने जाणार असाल तर रिसॉर्टच्या फाटकावर जेवणाचं बुकिंग दाखवा.

शाकाहाराबद्दल हात जोडून सांगणं. तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असं गृहीत धरतात. भाजीचं सूप कोंबडीच्या रश्श्यात शिजलेलं असू शकतं, मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी असू शकते, मूससारख्या गोडात जिलेटिन असतं. म्हणून शब्द मोजून सांगा: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग, नो मीट ब्रॉथ, नो जिलेटिन. गोमांस चालत नाही हेही वेगळं सांगा, सॉसमध्ये बीफचा अर्क असतो. बुकिंगच्या वेळी नोंद करा आणि टेबलावर पुन्हा बोला. शंका उरली तर शेफला बोलवा, ते येतात आणि मनापासून सांगतात. मेनूवरचं हिरवं पान म्हणजे त्यात मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही.

पदार्थ एकेक करून येतात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं काहीच येत नाही. ते दुर्लक्ष नव्हे, गप्पांसाठी ठेवलेली जागा आहे. सुरुवातीच्या पावावर पोट भरू नका. साधं पाणी हवं तर 'टॅप वॉटर' म्हणा, ते फुकट असतं, बाटलीचे पैसे लागतात. मेनूतली किंमत अंतिम नसते: ऑरेंज काउंटीत 6.5 टक्के विक्रीकर आणि वर 18 ते 20 टक्के टिप. दोघांचं जेवण 200 डॉलरचं झालं तर कर 13, टिप 36 ते 40, म्हणजे हातात 250 धरा. टिप बिलावर आधीच लावली आहे का ते बघून मगच रिकाम्या ओळीत आकडा लिहा, नाहीतर दोनदा जाते. आणि लग्नाचा वाढदिवस असेल तर पार्कच्या गेस्ट रिलेशन्समधून (पाहुण्यांच्या मदत-कक्षातून) मोफत मिळणारा बिल्ला सकाळीच घ्या. संध्याकाळी आईच्या पदराला तो लावलेला असला की वाढणारा माणूस स्वतःहून अभिनंदन करतो.