झाकणावरचे तीन ठोके

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी वॉटरफॉलवर, म्हणजे जमिनीखालच्या फायबर केबलची थरथर कुठे आणि केव्हा झाली ते दाखवणाऱ्या पडद्यावर, 14,180 मीटरपाशी एक जाड पट्टा उमटला. वाहन गेलं की पडद्यावर तिरकी रेघ पडते, कारण ते पुढे सरकत असतं. हा पट्टा जागचा हलेना. तीसेक मीटर फायबर एकदम थरथरायचं, थांबायचं, पुन्हा थरथरायचं. कुणीतरी एका जागी बसून काम करत होतं, आणि त्या रात्री त्या मार्गावर आमचं एकही काम नोंदलेलं नव्हतं.

त्या केबलमधलं एक डार्क फायबर, म्हणजे डेटा न वाहणारं रिकामं फायबर, आम्ही फक्त कानोसा घेण्यासाठी राखलं आहे. त्यात सेकंदाला 2,000 वेळा लेझरचा स्पंद सोडतो. काचेच्या घडणीतच अतिसूक्ष्म असमानता असते. तिच्यामुळे प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. हेच रॅले विकिरण. 14 किलोमीटरवरून परतायला त्याला जेमतेम 140 मायक्रोसेकंद लागतात. वाटेत फायबर कणभर जरी ताणलं गेलं, तरी परतणाऱ्या प्रकाशाची फेज (लाटेची स्थिती) बदलते, आणि तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते.

डेटा वाहणाऱ्या फायबरांवर मात्र सगळं आलबेल होतं. प्रकाशाची पॉवर अर्धा डीबीसुद्धा (डेसिबल, प्रकाश किती घटला याचं माप) उतरली नव्हती. आमचा अलार्म तीन डीबीला वाजतो. मला भीती वाटते ती याचीच. केबल तोडली तर लगेच कळतं. पण फायबर न तोडता नुसतं वाकवलं, तर वाकणापाशी थोडासा प्रकाश बाहेर झिरपतो आणि तो टिपायला एक क्लिप पुरते. तशी क्लिप आमच्याही किटमध्ये असते, फायबर चालू आहे की बंद हे बघायला.

गस्तीची गाडी पोचेपर्यंत पट्टा विरला होता. नकाशाप्रमाणे 14,180 वर असलेल्या चेंबरपाशी सहकारी उभा राहिला आणि त्याचा फोन आला.

"मॅडम, झाकणावरची धूळसुद्धा हललेली नाही."

"हातोड्याने झाकणावर तीन ठोके मारा."

पडद्यावर तीन बारीक रेघा आल्या, पण 14,330 वर. नकाशा जमिनीवरून मोजलेला. प्रकाश चालतो तो फायबरच्या लांबीने, आणि जागोजागच्या चेंबरांत राखीव लूप गुंडाळून ठेवलेले असतात. ठोके मारून दोन्हींचा मेळ घालायचं काम नवव्या किलोमीटरपर्यंतच झालं होतं. पुढचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

त्या रेघा बारीक का, हे लक्षात आलं आणि मघाच्या पट्ट्याची जाडी कळली. या चेंबरमध्ये लूप नव्हता. लूप असला की एकाच जागचा धक्का गुंडाळलेल्या सगळ्या फायबरला एकदम बसतो.

"एक चेंबर मागे या. तिथं तीस मीटरचा लूप असेल."

मागच्या चेंबरचं झाकण तिरपं बसलेलं होतं. आत जॉइंट क्लोजरचा, म्हणजे फायबरांचे जोड ठेवलेल्या बंद पेटीचा, क्लॅम्प उघडा. त्याने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ट्रेमधून एक फायबर बाहेर ओढलेलं होतं. कोटिंगसकट अवघं 250 मायक्रॉनचं ते फायबर क्लिपच्या जबड्यात वाकून बसलं होतं. क्लिपची पिगटेल, म्हणजे टिपलेला प्रकाश पुढे नेणारी फायबरची शेपटी, मोकळी लोंबत होती. पुढचं यंत्र जोडायचं बाकी होतं. माणूस कुणीच नव्हता. माझे हात गार पडले.

क्लिप काढू दिली नाही. आधी त्या फायबरवरची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली आणि ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये कुठे किती प्रकाश गळतो ते दाखवणारं यंत्र. 1310 नॅनोमीटरला रेघ सरळच दिसली, 1550 ला नखाएवढी पायरी, 1625 ला ठळक. तरंगलांबी जितकी जास्त, तितकी वाकणावरची गळती जास्त. तिन्ही ट्रेस आणि वॉटरफॉलची सगळी नोंद तपासासाठी बाजूला काढून ठेवली, मगच जबडा उघडायला सांगितलं. पायरी तिथल्या तिथे नाहीशी झाली.

पुढच्या चार रात्री आम्ही उरलेल्या प्रत्येक चेंबरवर गेलो. म्हणजे तो झाकणांवर आणि मी पडद्यासमोर. तो म्हणायचा, "मारला." मी म्हणायचे, "दिसला," आणि वहीत मीटरचा आकडा लिहायचे.