विकत न घेतलेली इमारत

अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) भाड्याने दिलेली इमारत विकायची तर मालकाला ती ठरलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावर थेट करून देता येत नाही. सौद्याची प्रत आधी आमच्या, म्हणजे काउंटीच्या घरांच्या खात्याकडे यावी लागते. त्याच किमतीला, त्याच अटींवर इमारत घेण्याचा पहिला हक्क काउंटीचा, हाउसिंग अपॉर्च्युनिटीज कमिशन या काउंटीच्या गृहनिर्माण संस्थेचा (आम्ही एचओसी म्हणतो) आणि भाडेकरूंची रीतसर संघटना असेल तर तिचाही. काउंटीला विचार करायला साठ दिवस मिळतात. माझी नोकरी त्या साठ दिवसांतली. कागद वाचायचे, आकडे मांडायचे आणि यात पडावं की सोडून द्यावं ते वरिष्ठांना सांगायचं.

बहुतेक वेळा सोडूनच देतो. काउंटीकडे एवढा पैसा नाही हे आम्हाला ठाऊक असतं, मालकांना ठाऊक असतं, त्यांच्या वकिलांना तर आमच्याहून जास्त ठाऊक असतं. २०१९ च्या उन्हाळ्यात आलेल्या एका फाइलचं मात्र तसं झालं नाही.

इमारत सिल्व्हर स्प्रिंगच्या पूर्वेकडच्या लाँग ब्रँच भागातली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे विटांच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यातलीच ही एक. खाली एल साल्वादोरच्या पुपुसांचं (सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्यांचं) दुकान, पलीकडे इथिओपियन किराणा. ही घरं कुठल्याही सरकारी योजनेतली नव्हेत. जुनी आहेत, लांबची आहेत, म्हणून स्वस्त. आणि २०१७ पासून त्याच भागात पर्पल लाइनचं काम सुरू झालेलं. बेथेस्डा ते न्यू कॅरल्टन, सोळा मैलांची लाइट रेल. रेल्वे आली की 'लांबची' हे कारण संपतं, एवढं कळायला कुणाला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

दलालाने इमारतीची एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका छापली होती. तिच्यात ड्रोनने काढलेला फोटो, होऊ घातलेल्या स्टेशनचं अंतर, आणि ठळक अक्षरांत एक ओळ: भाडं वाढवायला भरपूर वाव. मी शेजारी रेंट रोल उघडून बसले. रेंट रोल म्हणजे कुठल्या घरात कोण, कधीपासून, किती भाड्याने, याची यादी. दोन बेडरूमच्या घरांना चौदाशे-साडेचौदाशे डॉलर. एका घरातली बाई एकोणीस वर्षं तिथेच. दलालाचा 'वाव' म्हणजे ही बाई.

मी हिशेब मांडला. एचओसीला स्वतःचे रोखे काढता येतात, परवडणाऱ्या घरांसाठी काउंटीचा हाउसिंग इनिशिएटिव्ह फंड आहे, तेव्हा इमारत घेणं अगदीच अशक्य नव्हतं. पण दर घरामागे जेवढी भर घालावी लागली असती तेवढ्यात दुसरीकडे दुप्पट घरांना मदत झाली असती. मी टिपणात तसंच लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: घेऊ नये, पण घेणार नाही असं शेवटच्या दिवसापर्यंत सांगूही नये.

कारण या हक्काची खरी ताकद खरेदीत नाही, थांबवून धरण्यात आहे. खरेदीदाराचा इसार अडकलेला असतो, बँकेने व्याजाचा दर ठरावीक तारखेपर्यंतच बांधून दिलेला असतो. त्याला साठावा दिवस नको असतो, तिसावा हवा असतो. मग तो आमच्याशी बोलायला येतो. बोलणं जमलं तर करार होतो. खरेदीदार काही घरांची भाडी काही वर्षं मर्यादेत ठेवायला कबूल होतो, आणि काउंटी आपला हक्क सोडते. तो करार जमिनीच्या दफ्तरात नोंदवला जातो, आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा. इमारत पुढे कितीदा विकली तरी तो तिच्याबरोबर जातो.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी तळघरातल्या लाँड्रीच्या खोलीत भाडेकरूंची सभा होती. स्पॅनिश आणि अम्हारिक अशा दोन भाषांचे दुभाषे. दोन ड्रायर चालूच होते, कारण त्यांत आधीच नाणी टाकलेली होती आणि ती परत येत नाहीत. मी भाड्याची मर्यादा, उत्पन्नाची अट, वर्षं, सगळं समजावून सांगितलं. माना हलल्या. मग मागून एक पन्नाशीचे टॅक्सीचालक उभे राहिले. दुभाष्याकडे न बघता सरळ इंग्रजीत म्हणाले, "भाडं आहे तेवढंच राहील म्हणता. उंदीरही आहेत तेवढेच राहणार का?"

हशा पिकला. ते हसले नाहीत. मला म्हणाले, "या, दाखवतो."

लाँड्रीला लागूनच गॅस मीटरची खोली होती. भिंतीवर मीटरांची ओळ, त्यांच्या वर गॅसचा दाब आवरणारे, गोल थाळीसारखे जुने रेग्युलेटर, आणि जादा गॅस सोडायला प्रत्येकातून निघून भिंतीबाहेर जाणारा एक बारीक पाइप. त्या पाइपाच्या जोडावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा जोडलेला आहे की नुसता टेकवलाय, सांगा." मला सांगता येईना.

त्यांचा प्रश्न कुठून आला ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. १० ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच भागातल्या फ्लॉवर ब्रँच अपार्टमेंट्समध्ये गॅसचा स्फोट झाला आणि सात माणसं गेली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष आमच्या सभेच्या थोडंच आधी, एप्रिल २०१९ मध्ये आला होता: घरातल्या रेग्युलेटरमध्ये बिघाड झाला, आणि त्याचा बाहेर जाणारा पाइप जोडलेलाच नव्हता. रेग्युलेटर इमारतीच्या बाहेर हलवा, अशी शिफारसही होती. इथे ते आतच होते.

मी गिरगावात चाळीत वाढले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली होती. माझे वडील मालकाच्या पेढीवर भाडं भरायला जायचे, तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च भाड्याच्या जवळपास जायचा. आम्हाला त्यात मोठी मौज वाटायची. मालकाने मात्र कधीच हात वर केले होते. जिन्याखाली लाकडी टेकू होते आणि आम्ही मुलं लपाछपीत त्यांच्या आड लपायचो. शेवटी सरकारला १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. तेव्हा भाडं बांधून दिलं की घर वाचलं, असं मला कुणी कितीही आकडेवारीने सांगितलं तरी पटत नाही. तरीही माझ्या कराराच्या मसुद्यात दुरुस्तीचं एक मोघम वाक्य सोडलं तर सगळं भाड्याचंच होतं; आमचा छापील नमुनाच तसा होता.

घराची तपासणी करणारे निरीक्षक आमच्याच खात्यात, दुसऱ्या मजल्यावर बसतात. सकाळी त्यांच्यातल्या एकाला घेऊन मी परत इमारतीत गेले. त्याने तळघर, बॉयलर, मीटरची खोली पाहिली. पाइपांचे जोड शाबूत होते. एकाचं बाहेरचं तोंड मात्र पक्ष्याच्या घरट्याने बुजलेलं. बॉयलर तर बघूनच तो म्हणाला, "हा पुढचा हिवाळा काढेल, पण मी पैज लावणार नाही." त्याचा हस्तलिखित अहवाल घेऊन मी रॉकव्हिलला पोचले तेव्हा बैठक सुरू होत होती.

टेबलाच्या पलीकडे खरेदीदाराचा तरुण भागीदार आणि त्याचा वकील. अलीकडे माझ्या वरिष्ठ बाई, काउंटीचा वकील, मी. खरेदीदाराचा वकील पोटोमॅक नदीच्या पलीकडचा, व्हर्जिनियातला, बोलायला गोड. त्याने आल्याआल्याच सांगितलं, "तुम्ही घेणार नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. पाच वर्षं, वीस टक्के घरं. सही करू या."

बाईंनी उत्तर दिलं नाही. एचओसीच्या पुढच्या बैठकीची विषयपत्रिका टेबलावर सरकवली. त्यात या इमारतीचा विषय होता. तो मंजूर झालाच असता असं नव्हे. पण भागीदाराने ती दोनदा वाचली आणि वकिलाकडे पाहिलं.

मग वर्षांवर घासाघीस झाली. पाच वर्षांचं नाव काढलं की आमच्या खात्यात जुनी जखम दुखते. माँटगोमेरीने १९७४ मध्येच कायदा केला होता की मोठ्या नव्या वसाहतीत बिल्डरने ठरावीक हिस्सा मध्यम उत्पन्नाच्या लोकांना परवडेल असा बांधायचाच. आपल्या महाराष्ट्रात वीस टक्के घरं म्हाडाच्या सोडतीला द्यायचा नियम आला तो २०१३ मध्ये. पण इथल्या त्या पहिल्या घरांवरचं बंधन फक्त पाच वर्षांचं होतं. पाच वर्षं झाली, घरं बाजारभावाने विकली गेली, आणि काउंटी पुन्हा पहिल्या पायरीवर. मुदत पुढे दहा वर्षं झाली, २००५ पासून विक्रीच्या घरांना तीस आणि भाड्याच्या घरांना नव्व्याण्णव. म्हणून बाई म्हणाल्या, "पाच वर्षांत तर त्यांची पोरं शाळाही संपवत नाहीत."

वकील वैतागून म्हणाला, "हे फेअरफॅक्समध्ये चाललंच नसतं."

खरंच होतं ते. नदीपलीकडच्या फेअरफॅक्स काउंटीनेही १९७१ मध्ये बिल्डरांना पंधरा टक्के स्वस्त घरं बांधायला लावणारा नियम केला होता, म्हणजे आमच्याही आधी. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९७३ मध्ये मोडीत काढला. तिथे काउंटीला राज्याने स्पष्ट शब्दांत दिला तेवढाच अधिकार; दिला नाही तो नाही. माँटगोमेरीने १९४८ मध्ये स्वतःची सनद (कारभाराची मूळ नियमावली) स्वीकारली, त्यामुळे इथली निवडून आलेली कौन्सिल स्थानिक कायदा स्वतः करू शकते. मेरीलँडमध्येही सनद नसलेल्या काउंट्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना असली गोष्ट करायची तर राज्याच्या राजधानीत, ॲनापोलिसला, विधिमंडळाचं दार ठोठवावं लागतं. नदी एकच, भाडेकरू सारखेच, बिल्डर तर पुष्कळदा तेच. पण एका काठाच्या अधिकाऱ्याच्या हातात हत्यार आहे आणि दुसऱ्याच्या हातात विनंतीपत्र. इथे लोक घरांच्या प्रश्नावर व्याजदर, विटा, मजूर सगळं बोलतात, हे मात्र क्वचित बोलतात.

दुपारपर्यंत पंधरा वर्षं आणि चाळीस टक्के घरं इथवर आलो. ती घरं मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, त्या आकड्याच्या) साठ टक्क्यांच्या आतल्या कुटुंबांसाठी. वॉशिंग्टन परिसरात त्या वर्षी चार माणसांच्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न १,२१,३०० डॉलर धरलं होतं. साठ टक्के म्हणजे ७२,७८०. बाकीच्या घरांतल्या तेव्हाच्या भाडेकरूंना पहिली तीन वर्षं काउंटीच्या ऐच्छिक, म्हणजे मालकांना नुसत्या सुचवलेल्या, भाडेवाढीच्या दरापेक्षा जास्त वाढ नाही.

मी निरीक्षकाचा अहवाल पुढे ठेवला. बॉयलर पहिल्या हिवाळ्याआधी, पाइपांची तपासणी ताबा घेण्याआधी, रेग्युलेटर बाहेर हलवण्यासाठी गॅस कंपनीकडे अर्ज ताबा मिळताच. वकील म्हणाला, "रेग्युलेटर गॅस कंपनीचे आहेत, आमचे नाहीत." मी म्हटलं, "खोली तुमची आहे." तो म्हणाला, हा भाड्याचा करार आहे, दुरुस्तीचा नव्हे. त्यावर पाऊण तास गेला. मधे मधे तो माझ्याकडे बघून स्मित करायचा, ही बाई आता पाणी प्यायला उठेल आणि विषय बदलेल अशा आशेने. शेवटी निर्णय भागीदारानेच घेतला. तो माझ्या मुलापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठा असेल. त्याने विचारलं, "फ्लॉवर ब्रँच इथून किती लांब?" मी सांगितलं, चालत जाता येतं. तो म्हणाला, "घाला ते कलम."

सह्या झाल्या तेव्हा साडेचार वाजले होते. पाचला मुदत संपत होती.

बॉयलर ऑक्टोबरात बदलला गेला. रेग्युलेटरना वेळ लागला. गॅस कंपनीची स्वतःची रांग होती, मग कोविड आला. पण ते आता बाहेर आहेत. करारातल्या चाळीस टक्क्यांचा हिशेब दरवर्षी आमच्याकडे येतो आणि मी तो ओळीने तपासते. एकोणीस वर्षांवाल्या बाई त्याच यादीत आहेत.

टॅक्सीचालक नाहीत. त्यांची पत्नी हॉस्पिटलात मदतनीस. तिचा ओव्हरटाइम धरून दोघांची मिळकत मर्यादेच्या थोडी वर गेली, त्यामुळे त्यांचं घर चाळीस टक्क्यांत बसलं नाही. तीन वर्षांची मुदत संपली तशी पुढची वाढ त्यांना झेपेना. २०२३ मध्ये कौन्सिलने भाडेवाढीवर कायद्यानेच मर्यादा घातली. जुन्या इमारतींत वर्षाला जास्तीत जास्त सहा टक्के. अंमल जुलै २०२४ पासून. तोवर ते काउंटीतल्याच जर्मनटाउनला गेलेले होते. जायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता, निरोप घ्यायला नव्हे. ते ज्या इमारतीत जाणार होते तिच्या मालकाने ती विकायला काढल्याचं त्यांनी ऐकलं होतं. त्याचे कागद आमच्याकडे आलेत का, हे त्यांना विचारायचं होतं. आले नव्हते. तेव्हा त्यांनी मला इमारतीचा पत्ता लिहून घ्यायला लावला, आणि तळघरात जाऊन मीटर बघून आलोय हेही सांगितलं.