आईचा मणका आणि टीपीएची खिडकी

आईनं अर्धी बादली पाणी उचललं आणि पाठीत कट्कन आवाज झाला. पडली नाही, आपटली नाही, त्यामुळे उसण भरली समजून आठवडाभर आम्ही बाम चोळत बसलो. तसं करू नका. वय 74, एक्स-रेमध्ये बारावा मणका पुढून चेपलेला. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली, म्हणजे फ्रॅक्चर ताजं.

पट्टा, गोळ्या, तीन आठवडे. तरी कूस बदलताना कळ डोक्यात जायची. मग सर्जननी दोन वाटा सांगितल्या. व्हर्टिब्रोप्लास्टीत सुईनं मणक्यात थेट सिमेंट भरतात. कायफोप्लास्टीत आधी फुगा फुगवून पोकळी करतात, मग दाटसर सिमेंट कमी दाबानं सोडतात. खर्च जास्त, पण सिमेंट झिरपण्याची भीती कमी. दुखणं थांबण्यात दोघींत फार फरक नाही, हे त्यांनीच सांगितलं. 2009 सालच्या दोन चाचण्यांत तर व्हर्टिब्रोप्लास्टी आणि खोटी-खोटी सुई (म्हणजे सिमेंट न भरता नुसतं नाटक) यांत फरक दिसला नव्हता, तेही लपवलं नाही. पण आईच्या मणक्याच्या मागच्या भिंतीला तडा होता आणि तिच्या पलीकडेच मज्जारज्जू. म्हणून फुगा.

हे मला दहा मिनिटांत पटलं. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेला, पटायला संध्याकाळ झाली.

सकाळी दहाला कॅशलेसचा अर्ज गेला. आई रात्रीपासून उपाशी. साडेअकराला क्वेरी: आधी औषधोपचार केले का? कागद जोडलेलेच होते, पुन्हा पाठवले. दीडला दुसरी: फ्रॅक्चर जुनं तर नाही? एमआरआयचा रिपोर्ट पाठवला. चारला तिसरी: स्वस्त पर्याय असताना फुगा कशाला? 2024 पासून इर्डाचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या नियामकाचा, नियम आहे, कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा. तो मी खिडकीतल्या मुलीला मोबाइलवर दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "सर, क्वेरी आली की घड्याळ परत शून्यावर." तोवर ओटीची वेळ गेली. आईला चहा-बिस्किट दिलं, तर ती मलाच म्हणते, "तू जेवलास का रे?"

शेवटी सर्जननी लेटरहेडवर चार ओळी खरडल्या: मागच्या भिंतीला तडा, तीन आठवड्यांच्या औषधांनी गुण नाही, एमआरआयची तारीख. अर्ध्या तासात मंजुरी! तेव्हा हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडा. फुग्याच्या किटची रक्कम किती मंजूर झाली, तेही तिथेच विचारा. आमची कापली होती, ते डिस्चार्जला कळलं.

ऑपरेशन तासाभरात आटपलं, दुसऱ्या दिवशी आई चालली.

सिमेंटनं तो एक मणका सावरला, बाकीची हाडं ठिसूळच आहेत. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. टी-स्कोअर उणे 3.1, म्हणजे हाडं बरीच विरळ. आता हाडांचं इंजेक्शन सुरू आहे. वयस्कर माणसाची उंची कमी झाली तर तेव्हाच डेक्सा करा. गेल्या दिवाळीत फळीवरचा चकलीचा डबा आईच्या हाताला येईना, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.