तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर राबणाऱ्या बाईला वर व्यायाम कशाला?

अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या बायकांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. हॉटेलात दिवसभर खोल्या आवरणारीला आणखी व्यायाम कशाला? त्याच्या पाठोपाठ दुसरा: या बायकांना व्यायामाची आवडच नाही ना?

आधी आवडीचं. बऱ्याच पाहण्या फक्त फुरसतीतला व्यायाम विचारतात. फुरसतच नसेल तर उत्तर शून्य, आणि बाई ‘निष्क्रिय’! गाद्या उचलणं, बसथांब्यापर्यंतची पायपीट, घरचा केर-फरशी, सगळं हिशेबाबाहेर. उलट लॅटिन अमेरिकेतच, कोलंबियात बोगोटाला बघा. दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात, बागांमध्ये नाचत व्यायामाचे फुकट वर्ग चालतात, आणि या वर्गांना गर्दी मुख्यतः बायकांचीच असते.

आता काम. वाकणं-उचलणं हालचालीत जरूर धरावं, पण त्यात वेग मुकादम ठरवतो, विसावा नाही, आणि झीज होते कंबर-खांद्यांची. दमसास वाढतो तो सलग भरभर चालण्याने. खूण सोपी: बोलता येतं, पण गाता येत नाही. मिनिटाला साधारण १०० पावलं. आठवड्याला १५० मिनिटं हवीत. निदान १० मिनिटं सलग हवीत ही जुनी अट अमेरिकेने २०१८ मध्ये काढून टाकली, म्हणून एक थांबा आधी उतरून चाललेली सात मिनिटंही जमा होतात.

या बायकांसाठी व्यायामाचा वर्ग काढणार असाल तर तो फसतो कुठे, ते सांगतो. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ या वाक्यावर. मुलं, नवरा, आई आधी आणि आपण शेवटी, हेच जिथे चांगल्या बाईचं लक्षण (आपल्याला हे नवं नाही), तिथे ते अपराधासारखं टोचतं. ‘गुडघे धड राहिले तर नातवंडं उचलाल’ हे पटतं. वेळ कामाची पाळी सुटल्यावरची किंवा चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतरची ठेवा. मुलांना त्याच दालनात कोपरा द्या. शेजारच्या खोलीत ठेवलीत तर आयांचं लक्ष दाराकडेच. बाहेरची शिक्षिका आठ आठवड्यांनी जाते आणि वर्ग बंद पडतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासूनच त्यांच्यातल्या एकीला पुढे उभं करा. येताना एकटीने नको, बहीण-शेजारणीच्या जोडीने या म्हणावं. अंधार, मोकाट कुत्री, तुटके पदपथ हे अडथळे खरे आहेत.

आणि दाराशी ओळखपत्र मागू नका. अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांच्या धास्तीने काहीजणी तिथूनच परत फिरतात.