किनाऱ्याचा ओला हिशेब

बेटाचा किनारा वर्षभर जलरंगात धरायचा, तर आधी गाठावं पंचांग, रंगपेटी मागाहून. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी नऊला उघडा असलेला खडक आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असतो. मग दोन चित्रांतला फरक ऋतूचा म्हणायचा की चंद्राचा? पंधरवड्याने घड्याळ आणि पाणी पुन्हा जुळतात, म्हणून बैठक तिथीवर ठरवावी.

रंग चार पुरतात. गडद निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सायना मिसळत गेलं की निळ्यापासून ढगाळ राखाडीपर्यंतचा सगळा समुद्र निघतो, आणि अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसून ओला खडक आयता देतात. फेसाला रंग नाहीच. तिथे कागद कोरा सोडायचा. मास्किंग फ्लुइडचा, म्हणजे कागद झाकून नंतर सोलून काढायच्या द्रवाचा, मोह होतो, पण तळपत्या उन्हात ते कागदाला चिकटून बसतं आणि काढताना सालपट निघतं.

ऋतू खरा कळतो तो वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळताना. कोरड्या उन्हाळी वाऱ्यात आकाश अर्ध्यावर असतानाच वाळून कड धरतं. त्यावर उपाय म्हणजे ३०० जीएसएमचा (जाड) सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवणं, मोठा ब्रश घेणं आणि वाटेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवणं. दमट हवेत उलटंच दुखणं. चमक गेली म्हणून कागद वाळला असं वाटतं, त्यावर पाणीदार ब्रश टेकतो आणि फुलकोबीसारखा कातर कडेचा डाग उमटतो. बोटांची पाठ कागदाला लावून पाहावी. गार लागला तर अजून थांबायचं. धुक्यातलं क्षितिज मात्र याच ओलाव्यात, जरा घट्ट रंगाने घ्यावं. थंडीतल्या स्वच्छ हवेत तीच रेघ पूर्ण वाळलेल्या आकाशावर, एका दमात.

पाणी संपलं म्हणून समुद्रात ब्रश बुचकळू नये. कल्पना रम्य आहे खरी, पण मीठ कागदात राहतं, हवेतली ओल ओढत बसतं. कागदावर थेट ऊनही नको: तिथे रंग उजळ भासतो, हात गडद होत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

चित्रामागे तारीख, तिथी, वाऱ्याची दिशा आणि पहिला वॉश वाळायला लागलेली मिनिटं पेन्सिलीने टिपावीत. शाई नको, पुढच्या वॉशला ती फुटून पुढच्या बाजूला उतरते.